तीन दारांवरचा खडू

आंतोन मिसाळ फौजेत ट्रक चालवता चालवता हवालदार होऊन निवृत्त झाला होता आणि वाडीत त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. लहानथोरांचा तो हवालदारच. मिशा झुपकेदार, आवाज असा की हाक मारली तर पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं उठून बसावं. या माणसाला भीती कशाशी खातात हे ठाऊक नसणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर त्यानंही.

वाडीत कॅथलिक घर त्याचं एकच. रविवारी सकाळी तो आणि त्याची बायको मार्सेला मोटरसायकलवरून विट्याच्या छोट्या चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जात. त्या रविवारी तीन राजांचा सण होता. तारा बघत बघत बाळ येशूला शोधून काढणाऱ्या राजांचा. या सणाला फादर खडूवर आशीर्वाद मागतात आणि घरटी एकेक कांडी देतात; विट्यात ही रीत यंदाच सुरू झाली होती. घरी जाऊन दाराच्या चौकटीवर नव्या वर्षाचे आकडे लिहायचे, त्यात तीन राजांच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरं आणि मधेमधे छोटे क्रूस. वर्षभर घराचं रक्षण होतं म्हणतात. फादरांनी चांगलं बजावून सांगितलं होतं, "आपापल्या दारावर लिहा, आणि शेजाऱ्यांसाठी प्रार्थना करा."

पण फौजेत बाहुलीसारखं हुकुमापुरतं हलून चालत नाही, असं आंतोनचं मत. मोहीम हाती घेतली की पुरी करायची. स्वतःच्या चौकटीवर लिहून झालं तरी खडू बराच उरला होता. गल्लीत शुकशुकाट होता. उसाची तोड चालू होती, त्यामुळे धडधाकट माणसं रानात आणि उरलेली घरात झोपलेली. आंतोनला वाटलं, आपल्या एकट्याच्याच घराचं रक्षण कसलं? शेजारच्या संयोगिताचा नवरा विश्वजीत सीमेवर आहे, ती पोराला घेऊन एकटीच असते. पुढच्या घरी नाथाजीअण्णांच्या काळजाचं नुकतंच ऑपरेशन झालंय. कोपऱ्यावर वीरधवलच्या बायकोचे दिवस भरत आलेत. विचारायला गेलं तर लोक नको तो अर्थ काढतील, न विचारता केलं तर कुणाचं काय जातं? त्यानं स्टूल उचललं आणि तिन्ही दारांवर टपोऱ्या अक्षरात लिहून टाकलं. मार्सेलाला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. ती शहाणी होती, तिनं स्टूलच काढून घेतलं असतं.

आणि यात सगळ्यात मोठी गंमत अशी, की दिवाळीपासून साऱ्या पंचक्रोशीत चोरांची हूल उठली होती. रात्री आभाळात दिवे फिरतात, ड्रोनवाले घरं हेरतात, दिवसा त्यांची माणसं येऊन दारांवर खुणा करून जातात. वाडीत गस्त सुरू झाली, आणि गस्तीचा म्होरक्या कोण? आपले हवालदार. महिन्याभरापूर्वी समाजमंदिराच्या कट्ट्यावर उभं राहून त्यानंच गर्जना केली होती, "दारावर नवी खूण दिसली रं दिसली की आरडायचं!" आज त्याला हे आठवायला हवं होतं. पण पुण्यकर्म करताना आपण चोरासारखे दिसू, हे कुणाच्या डोक्यात येतं?

उन्हं कलली तशी माणसं रानातून परतली. आधी संयोगिता किंचाळली. मग नाथाजीअण्णांच्या सुनेनं आरडाओरडा केला. आंतोन चहा पीत होता. गलका ऐकून तो बाहेर आला आणि कुणीतरी पळता पळता ओरडलं, "हवालदार, चला लौकर! चोर घावला!"

समाजमंदिरापुढं निम्मी वाडी जमली होती. मधोमध रसूल उभा होता. कुकर, मिक्सर, शेगड्या दुरुस्त करणारा, स्कूटरला भोंगा लावून गावोगाव फिरणारा, सुकलेल्या शरीराचा पन्नाशीचा माणूस. त्याचे हात मागं उपरण्यानं बांधले होते. दुपारी गल्लीत त्याचाच तेवढा भोंगा ऐकू आला होता, आणि त्याच्या खिशात खडू सापडला होता.

"कुकरच्या झाकणाव गिऱ्हाइकाचं नाव लिवतो वो मी," रसूल सांगत होता. "न्हाईतर कुणाचं झाकण कुणाला जातं."

"आन दारं बी दुरुस्त करतोस व्हय रं?" वीरधवल म्हणाला. हातात त्याच्या उसाचं कांडकं होतं. दोन पोरं मोबाइल धरून चित्रण करत होती.

आंतोनच्या पायाखालची वाळू सरकली. वीरधवल वळला. "हवालदार, तुमीच सांगा. चोरांची खूण हीच न्हवं? तुमच्या दाराव बी हाय."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.  बोलायचं तर काय बोलायचं? की तुमच्या चौकटीवर मी क्रूस काढले? मागच्याच महिन्यात शेजारच्या तालुक्यात एका घरात प्रार्थना चालू असताना जमाव घुसला होता. धर्म बाटवता म्हणून माणसांना रस्त्यावर ओढलं होतं. ते चित्रण याच पोरांच्या मोबाइलवर त्यानं पाहिलं होतं. पाहून कुणी काही बोललं नव्हतं, तोही नाही. आता त्याला घरात एकटी असलेली मार्सेला दिसत होती, विट्याच्या चर्चची काचेची दारं दिसत होती. बर्फातल्या घाटात ब्रेक निकामी झालेला ट्रक त्यानं उतरवला होता, तेव्हासुद्धा तो असा घाबरला नव्हता.

"पोलीसपाटील येऊ द्या," तो कसाबसा म्हणाला.

"ते कडेगावला गेल्यात. तवर काय आरती करायची ह्येची?" असं म्हणून वीरधवलनं रसूलच्या कानाखाली एक ओढली.

 आंतोनच्या आत कुणीतरी ओरडत होतं, बोल, बोल. पण दातखीळ बसली होती. मग उसाचं कांडकं रसूलच्या खांद्यावर बसलं आणि रसूल गुडघ्यावर आला. त्यानं मान वर केली ती नेमकी आंतोनकडं.

"हवालदारसाब, तुमच्या घरचा कुकर मीच नीट केलाय वो. तुमी तरी सांगा ह्यांस्नी, मी तसा न्हाई."

"थांबा!" आंतोन म्हणाला. "खुणा मी केल्यात."

गर्दीत कुणीतरी हसलं. वीरधवलही हसला. "हवालदार, तुमी लय दिलदार हाय, ठावं हाय आमाला. पर चोरासाठी कशापायी खोटं बोलताय?"

आता आली का पंचाईत! खरं बोलायला एवढा जीव गोळा करावा आणि कुणी विश्वासच ठेवू नये. पळवाट अजून मोकळी होती. मानही खाली घालता आली असती. आंतोननं शर्टाच्या खिशातून खडू काढला, कट्ट्यापाशी वाकला आणि सगळ्यांसमोर लिहिलं. आकडे, क्रूस, अक्षर, क्रूस. तीच टपोरी अक्षरं. 

कुणी हसलं नाही. नाथाजीअण्णा काठी टेकत पुढं आले, वाकून बघितलं. "काय हाय ह्ये?"

"आमचा सण हाय, अण्णा. घराव देवाची नजर ऱ्हावी म्हणून लिवत्यात. तुमचं ऑपरेशन झालं, वीरधवलच्या घरात बाळ यायचंय, विश्वजीत सीमेवर हाय. मला वाटलं..."

"म्हंजी आमच्या दाराव क्रूस?" वीरधवलचा आवाज आता निराळाच होता. "आमाला न इचारता?"

"व्हय. चुकलं माझं. फादरांचा ह्यात काय संबंध न्हाई, घरच्यांचा बी न्हाई. मी एकट्यानं केलंय."

लोक बोलायला लागले. एक म्हणाला, हवालदार तसा न्हाई. दुसरा म्हणाला, सगळे आधी असंच म्हणत्यात. त्या गलक्यात संयोगितानंच पुढं होऊन रसूलचे हात सोडवले. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेली माणसं आता संन्याशाकडं बघायलाही तयार नव्हती. रसूलनं आपली सांडलेली झाकणं गोळा केली, स्कूटर ढकलत नेली आणि गर्दी मागं पडल्यावरच चालू केली. त्याची माफी कुणी मागितली नाही.

"आदी सगळं पुसून टाका," नाथाजीअण्णा म्हणाले.

आंतोन ओल्या फडक्यानं पुसत चालला आणि गर्दी त्याच्या मागं. अण्णांची चौकट, वीरधवलची चौकट. संयोगिताच्या दारापाशी ती पोराला कडेवर घेऊन उभी होती. ती बाजूला सरकली. तिथलंही पुसून झालं. मग वीरधवलनं आंतोनच्या स्वतःच्या चौकटीकडं बोट केलं. "ह्ये बी पुसा."

दारात मार्सेला उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.  आंतोन म्हणाला, "ह्ये माझं दार हाय."

वीरधवल एक पाऊल पुढं आला. अण्णांनी काठी आडवी घातली. "ज्येचं दार, त्येचं. चला रं घरला." गर्दी कुरकुरत पांगली. वीरधवल मात्र कोपऱ्यावर जाऊन बराच वेळ इकडं बघत उभा होता.

मार्सेलानं नवऱ्याला आत घेतलं, कडी लावली, खिडक्याही लावल्या. त्याला पाणी दिलं. फडकं त्याच्या हातातच होतं, ते काढून घेतलं. सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "लय मारलं का वो रसूलला?"

"एक थोबाडीत. एक खांद्याव."

"आन तुमी कवा बोलला?"

आंतोननं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. बाहेर कुणीतरी चालत गेल्याचा आवाज आला तसे दोघं दचकले. पावलं दूर गेल्यावर तो म्हणाला, "दोन्ही बसल्याव."

 मार्सेला उठली आणि कडी नीट लागली आहे का ते पुन्हा एकदा बघून आली.