‘सोपिरी’चं अर्धं कार्ड

मी थापाड्या आहे हे पोलंडमधल्या अख्ख्या बियालिस्तोक शहराला ठाऊक आहे. क्लबात एस्पेरांतो, म्हणजे सगळ्या जगासाठी मुद्दाम घडवलेली भाषा, शिकायला कुणी आलं, की मी त्याला शब्दांच्या अशा जन्मकथा सांगतो, की शब्दांनीच कान धरावेत. क्लबातला माझा मित्र बोगुमिल मात्र खरा माणूस. एकेका शब्दाचं लॅटिन मूळ शोधून तो कार्डावर उतरवायचा. चाळीस वर्षांत ‘एस’पर्यंत पोचला होता.

त्याची बायको इलोना हंगेरीची. दोघांना जोडणारी भाषा एकच, एस्पेरांतो. आम्हा एस्पेरांतोवाल्यांत कुणी मायबोलीत बोलला, तर त्याला आम्ही ‘मगर’ म्हणतो. यांच्या घरचा नियम असा की मगर होईल त्याने भांडी घासायची. म्हणून तिला पोलिश आली नाही, त्याला हंगेरियन.

मग त्याच्या मेंदूला झटका आला आणि एस्पेरांतो पार पुसली गेली. उरली आईकडची पोलिश. दोन-तीन दिवसांनी इलोनाने मला बोलावून घेतलं.

“हा मला काहीतरी सांगतोय, झेनॉन. काय म्हणतोय? आज तरी थापा नकोत हं.”

बोगुमिल तिच्याकडे बोट करून मला पोलिशमध्ये विचारत होता, “ही बाई कोण रे? घरी सोड तिला, वाट बघत असतील.”

उशाशी अर्धं कार्ड पडलं होतं. ‘सोपिरी: झुरणे.’ पुढे कोरं.

“कार्ड सांगतोय,” मी म्हणालो. “लिही. मूळ लॅटिन ‘सुस्पिरारे’. ‘सुब’ म्हणजे खालून, ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणं. तळातून ओढलेला श्वास. आधी उसासा, मग त्याचंच झालं झुरणं.”

माझी सगळ्यात मोठी थाप, आणि शब्दाच्या जन्मकथेत मात्र अक्षरही खोटं नव्हतं.

तिने लिहिलं. “माझं नाव नाही घेतलं?”

“कार्डात नावं कशी येतील, बाई?”

त्यानंतर चौथ्या दिवशी तो गेला. दफन करून परतलो, तर मोरीत ताटल्यांचा ढीग.

“घासू का?”

“हात लावू नकोस. आठवडाभर मगर झाला होता. भांडी त्याची.”

आम्ही स्वयंपाकघरातच बसलो. मग त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ती हंगेरियनमध्ये बोलू लागली. खूप बोलली. मला एक शब्द कळला नाही, आणि थापही सुचली नाही.

बोलून झाल्यावर तिने डोळे पुसले, एप्रन बांधला आणि नळ सोडला.

“बघतोस काय? झाले ना मी मगर.”