हात लावायचा नाही

आमच्या शेडमध्ये एकच नियम आहे. उचलणारीने ‘घ्या’ म्हटल्याशिवाय बारला बोट लावायचं नाही. स्पर्धेत दुसऱ्या कुणाचा हात लागला की वजन बाद होतं, म्हणून आमच्या आशानांनी, म्हणजे गुरुजींनी, ही सवय लावली. पुढं सवयीची इभ्रत झाली. न बोलावता मदत मिळाली तर माणूस चार दिवस तोंड लपवून फिरायचा. आलप्पुळ्यातला काथ्याचा कारखाना बंद पडला आणि त्याच शेडमध्ये आम्ही वजनं उचलायला लागलो. तिथं येणारी माणसं हट्टीच.

या नियमापायी मी फिलोमिनाचा हात घालवला. आम्ही दोघी बरोबरीच्या. ती बेंचवर आडवी होती, मी डोक्याशी उभी. बार खाली येताना तिचा उजवा हात थरथरला. मला दिसत होतं, माझे तळवे बारच्या चार बोटं खाली होते. पण ती ‘घ्या’ म्हणाली नव्हती. कापड टरकन फाटावं तसा आवाज आला आणि छातीचा स्नायू काखेपाशी हाडावरून सुटला. आज तिला नारळ किसायचा तर डाव्या हाताने किसावा लागतो. तिनं मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

आता आशान नाहीत, शेड मी सांभाळते; सगळे मला चेची, म्हणजे ताई, म्हणतात. अंबिली तीन वर्षांपासून माझ्याकडे आहे. सकाळी कोळंबी सोलायला जाते, चारच्या ठोक्याला शेडमध्ये हजर. राज्याच्या निवडीला सहा आठवडे उरले असताना ती म्हणाली, “चेची, उतरणी करू या. पंच्याण्णव लावा.”

“तू उचलतेस ऐंशी. डोकं ठिकाणावर आहे ना?”

“उचलायचं कुठंय? सावकाश खाली तेवढं आणायचं. वर न्यायला तुम्ही तिघं आहातच की.”

“आणि काही फाटलं तर?”

“आणि नाही फाटलं तर? तीन महिने ऐंशीवर अडकलेय मी. अडीच किलो हवेत फक्त. तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या, पुलापलीकडच्या नव्या जिममध्ये जाते. तिथली पोरं हौसेनं धरतील.”

ती पोरं मला ठाऊक आहेत. एक डोळा बारवर, दुसरा आरशात. मी घाबरून हो म्हटलं.

उतरणींनी ताकद येते, हे खोटं नाही. उचलवत नाही तेवढं वजन माणूस उतरवताना पेलतो. पण पेलतो तो स्नायू ताणला जात असताना, आणि तुटतोही नेमका तेव्हाच. एकाच बाटलीत औषध आणि विष, आणि बाटलीवर रेघ नाही. मी आठवड्यातून एकदाच उतरणी ठेवल्या, तीनच. बारच्या एका टोकाला शेडमधलाच जुना गडी सुबैर, दुसऱ्या टोकाला त्याचा मेहुणा, डोक्याशी मी. हे दर बुधवारी चालायचं.

पाचव्या बुधवारी, तिसऱ्या उतरणीला, तिचं उजवं कोपर बाहेर गेलं. जरासंच. बार तिरका झाला. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी वाट पाहिली नाही, बार धरून ओढला. सुबैर दचकला, पण त्यानंही टोक उचललं.

अंबिली ताडकन उठून बसली. “का हात लावलात? मी म्हटलं होतं का घ्या? माझ्या हातात होता तो!”

“कोपर गेलं होतं.”

“जाऊ दे ना! आणलं असतं मी परत!”

“चेचीचे हात आता म्हातारे झालेत गं,” सुबैर म्हणाला, “भूत दिसलं की पकडतात.”

मी तिच्या काखेत बोटं दाबली. ती कळवळली.

“कधीपासून?”

“चार दिवस झाले,” ती जमिनीकडे बघत म्हणाली. “सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं.”

डॉक्टरांनी तपासलं. तुटलेलं काही नव्हतं, ताण होता. “उचल असंही म्हणत नाही, उचलू नको असंही म्हणत नाही,” ते म्हणाले. फी मात्र पूर्ण घेतली. निवडीला दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत मी रोज तिची काख चाचपली, रोज विचारलं, दुखतंय का? इथं? आणि इथं? तिला फिलोमिनाकडेही घेऊन गेले, फिलोमिनाचा अधू हात दाखवायला. शहाणपणाचं वाटलं मला ते.

निवड त्रिशूरला होती. कोळिक्कोडची एक मुलगी ऐंशीवर थांबली, पण अंगानं ती हलकी, म्हणजे बरोबरी झाली तर तीच पुढं. अंबिलीनंही ऐंशी उचललं. इतकं झरकन तिनं ते कधीच उचललं नव्हतं. उतरणी लागू पडल्या होत्या. आता तिसरी आणि शेवटची संधी. पुढचं वजन चिठ्ठीवर लिहून द्यायला एक मिनिट मिळतं. साडेब्याऐंशी तिच्या अंगात होतं. कुणीही सांगितलं असतं.

मी चिठ्ठी आणि पेन तिच्यापुढे धरलं. “लिही.”

तिनं पेन टेकवलं. डावा हात काखेत गेला, मी रोज चाचपायचे तिथंच.

“चेची, मला भीती वाटतेय.”

तीन वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता.

“दुखतंय?”

“नाही. दुखत नाहीये. नुसती भीती वाटतेय.”

लिही म्हणावं की नको म्हणावं, माझी जीभ उचलेना. ती भीती माझी होती. बोटांनी दाबून दाबून मीच तिच्यात भरली होती. मिनिट संपलं. चिठ्ठी कोरीच राहिली, तिसरी संधी तशीच गेली.

निवड झाली म्हणून कोळिक्कोडच्या मुलीचं नाव पुकारलं. अंबिली उभी राहिली आणि डोक्यावर हात नेऊन तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लागली. दोन्ही हात अगदी नीट वर जात होते.