कावळ्याला कबूल केलेला ट्रक

गाढी नदीच्या काठावर दहाव्याचा पिंड मांडून बराच वेळ झाला, तरी कावळा काही शिवेना. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या आंब्यावर चांगले पाचसहा बसले होते. एक तर खाली उतरून भातापासून हातभर अंतरावर, तपासणीला आलेल्या साहेबासारखी मान वाकडी करून उभा होता. पण चोच लावत नव्हता.

धर्मराज झोपेत गेले होते, कोणाला काही न सांगता. त्यामुळे त्यांची कोणती इच्छा राहिली असेल, याचा अंदाज ज्यानं त्यानं आपापल्या परीनं करायचा होता. धाकटा भाऊ गणू पुढे झाला. दादाच्या शेताचा बांध यापुढे कोरणार नाही, असं त्यानं हात जोडून सांगितलं. कावळ्यावर परिणाम झाला नाही. मग पुतणीचं, म्हणजे वेणूचं, लग्न येत्या वैशाखात लावून देतो म्हणाला. वेणू धर्मराजांची एकुलती एक मुलगी, पस्तिशी ओलांडलेली, गिरगावातल्या एका शाळेत शिक्षिका. ती मागे उभी राहून हे ऐकत होती. कावळ्यानं पंखात चोच खुपसून पिसं साफ केली. कावळ्याला तरी समज आहे, असं तिला वाटलं.

राहता राहिला ट्रक.

धर्मराज दुसऱ्या महायुद्धात आसामच्या बाजूला फौजेचा ट्रक चालवायचे. पुढं एसटीवर लागले. पण लढाई संपून बरीच वर्षं झाल्यावर एक दिवस कल्याणकडच्या लिलावातून तसलाच एक ट्रक ते दुसऱ्या लॉरीला साखळीनं बांधून पनवेलला घेऊन आले. चपट्या नाकाचा, दारं नसलेला, जागोजागी हिरवा रंग उडालेला. तो घरापुढच्या अंगणात उभा राहिला तो तिथलाच झाला. दर रविवारी एसटीतला जुना क्लीनर काशिराम आणि पुणे रस्त्यावरचा इस्माईल मिस्त्री यायचे, आणि तिघं मिळून तो दुरुस्त करायचे. गावातली लग्नाळलेली पोरं बाप झाली, रेल्वे पनवेलपर्यंत आली, पण तो ट्रक चालू झालेला कोणी ऐकला नव्हता.

आता पिंडासमोर काशिराम आणि गणू एकाच वेळी पुढे झाले. काशिराम म्हणाला, "धर्माभाऊ, तुजी गाडी चालू करताव." आणि त्याच दमात गणू म्हणाला, "दादा, तुजा ट्रक हलवताव, आंगन मोकलं करताव."

कावळ्यानं भातात चोच घातली.

दर्भ सोडायच्या आधीच तंटा सुरू झाला. गणूचं म्हणणं, दादाला त्या डबड्याची मनातून लाज वाटत होती, म्हणून कावळा त्याच्या बोलण्यावर उतरला. काशिराम म्हणाला, मी बोलायला तोंड उघडलं तेव्हाच त्यानं पाय उचलला होता. दोघांनी भटजींना विचारलं. भटजी पळी-पंचपात्र गुंडाळत होते. कावळा शिवला, माझं काम झालं, तो कशाला शिवला हे विचारायची वहिवाट नाही, असं सांगून त्यांनी वाट धरली.

वेणूला या वादाचा निकाल लावायला वेळ लागला नाही. आपटा गावचा लाकडाचा ठेकेदार दयाराम समाचाराला येऊन गेला होता. फोटोपुढच्या समईकडे त्यानं एकदा बघितलं आणि ट्रकच्या आसाकडे पुष्कळ वेळ. ट्रक चालू असेल तर लाकडं वाहायला नेतो, नसेल तर कापून लोखंड नेतो, म्हणाला होता. नव्या कायद्यानं बापाची वस्तू मुलीची होते हे वेणूला वाचून ठाऊक होतं आणि गणूला ऐकून. तिनं संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं, की तेरावं झालं की ती मुंबईला जाणार, आणि त्याच्या आधी ट्रक अंगणातून जाणार. चालू झाला तर चालत, नाही तर तुकड्यांनी. म्हणजे काकांचा शब्द राहील, आणि काशिरामकाकांचा राहतो का ते त्यांनी बघावं.

ती अजून रडली नव्हती. समाचाराला आलेल्या बायका त्यावरून कुजबुजत होत्या. तिला फक्त आवराआवर करायची होती. बापाचे कपडे, चष्मा, औषधाच्या बाटल्या, हे सगळं आवरून झालं होतं. ट्रक तेवढा गाठोड्यात बांधता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काशिराम आणि इस्माईल मिस्त्री हजर झाले. बॉनेट उघडलं, सतरंजी टाकली, पाने मांडले. मग विडी झाली. मग चहा झाला. मग इस्माईलनं एक नट सोडवला, रॉकेलमध्ये बुचकळला, उन्हात धरला आणि पुन्हा होता तिथं बसवला. काशिराम त्याच्याकडे अशा नजरेनं बघत होता, की जणू शस्त्रक्रिया चालली आहे. दुपारपर्यंत एवढंच काम झालं. विचारलं तर काशिराम म्हणाला, लढाईतली गाडी हाय, घाई करून नाय चालत.

दुपारी वेणू स्वतः पदर खोचून सतरंजीवर जाऊन बसली. तिला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण पोरांनी अभ्यास केला आहे की केल्याचं दाखवताहेत, हे ओळखण्यात तिची उभी नोकरी खर्ची पडली होती. तिनं नीट बघितलं. बॉनेटखालचं सगळं लखलखत होतं. एकही पट्टा फाटका नव्हता, एकही नळी गळत नव्हती. फक्त कार्बोरेटर तेवढा सुटा करून ॲल्युमिनियमच्या परातीत ठेवला होता, आणि त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा झाकला होता.

"काशिरामकाका," ती म्हणाली, "हा ट्रक याआधी कधी चालू झाला होता?"

काशिराम इस्माईलकडे बघू लागला. इस्माईल पान्याकडे.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ट्रक तीन वेळा चालू झाला होता, तिन्ही वेळा गाव जत्रेला गेलेलं असताना. पहिल्यांदा तर आणल्यापासून वर्षाच्या आतच. गुणाबाई, म्हणजे वेणूची आई, त्या दिवशी जासईला भावाकडे गेली होती. ट्रक असा सुरेख चालला, की धर्मराजांनी डोळे मिटून घेतले. आणि मग चावी फिरवून तो बंद केला, आणि म्हणाले, खोला.

"वयनीनं सबूद घेतला व्हता त्याच्याकना," काशिराम म्हणाला. "गाडी आनली त्याच दिवशी. चालू झाली का विकाची आनि माजा आंगन मला द्याचा. धर्माभाऊ हो बोलला. आता हो बोलला, मंग चालू कशी व्हईल?"

नाव धर्मराज असल्यामुळे त्यांना धडधडीत खोटं बोलणं जमत नसे. ते वेळ लावत.

"पण आई जाऊन चार वर्षं झाली," वेणू म्हणाली. "नंतर आबांना कोण अडवत होतं?"

"मी पन तेच बोललू. तर बोलला, ती व्हती तवा कवातरी बोलली असती, जाऊ दे, ठेव तुजी गाडी. आता माफ कोन करनार?"

इस्माईल मिस्त्रीनं पाना सतरंजीवर ठेवला. तो म्हणाला, "बेटी, वहिनी गेली, उस दिनके बाद त्यांनी गाडीला हातच कमी लावला. आम्ही यायचो, बसायचो. चहा चांगला व्हायचा." मग त्यानं विचारलं, "हा कार्बोरेटर बसवायला एक दुपार लागते. बसवू, की ठेवू असाच? तुम्ही सांगाल तसं. काशिरामनं कावळ्याला चालू करतो सांगितलं. आज करतो असं नाही सांगितलं."

म्हणजे बापाची युक्ती आता तिच्यापुढे आयती ठेवली जात होती. लुगड्याचा तुकडा परत झाकायचा, दयारामला पुढच्या महिन्यात या म्हणायचं. ट्रक राहिला असता, रविवार राहिले असते, आणि सुट्टीत घरी आल्यावर अंगणात दोन म्हातारे विड्या ओढत बसलेले दिसले असते. आबा आत गेलेत, येतील आता, असं वाटायला तेवढं पुरेसं होतं. वेणूला ते इतकं हवंसं वाटलं, की तिला स्वतःचा राग आला. ती परातीकडे बघत राहिली. ते लुगडं तिला आठवत होतं. आई ते सणाला नेसायची.

"बसवा," ती म्हणाली.

"चालू झाली तर जाईल, बेटी."

"ठाऊक आहे."

तेराव्याचं जेवण उठलं तेव्हा दयाराम ड्रायव्हर घेऊन आला होता. मंडळी पानं खात अंगणात जमली. बॅटरी अशक्त होती म्हणून हँडल मारायचं ठरलं. इतकी वर्षं ट्रकला डबडं म्हणणारा गणू सगळ्यांना बाजूला सारून हँडलला भिडला, कारण गावासमोर दादाच्या गाडीला परक्यानं हात लावावा हे त्याला पटेना. पहिल्या फटक्याला त्याचा हात झटकला गेला. तिसऱ्या फटक्याला ट्रक खोकला, त्यानं काळा धूर सोडला, आणि चालू झाला.

वेणूनं डोळे मिटले नाहीत. जाड, सावकाश, खालच्या पट्टीतला आवाज होता, पहाटे कोणी जात्यावर बसावं तसा. अंगणातली पत्रावळ हलत होती. आबांनी हा तीनदा ऐकला आणि तीनदा स्वतःच्या हातानं बंद केला, हे तिला तेव्हा समजलं, आणि ती तोंडावर पदर धरून पडवीत जाऊन बसली. बायकांना बरं वाटलं.

गणू तोवर केबिनमध्ये इस्माईलशेजारी चढून बसला होता. ट्रक उरण नाक्यापर्यंत जाऊन आला. वाटेत लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते, आणि गणूनं प्रत्येकाला हात केला. परत आल्यावर इस्माईलनं ट्रक नेमका जुन्या जागी, चाकांच्या खड्ड्यांत चाकं घालून उभा केला. इस्माईल उतरला, पण गणू सरकून स्टेअरिंगमागे बसला, उतरेना.

दयारामचा ड्रायव्हर खाली उभा राहून वाट बघत होता. गणूनं स्टेअरिंगवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आंगन मोकलं करताव, असा बोललू मी. बरोबर हाय. पन कवा, ता कुटं बोललू?"

लोक हसले. काशिरामनं तर टाळीच दिली. दयारामनं वेणूकडे बघितलं, कारण कायदा त्यालाही ऐकून माहीत होता.

वेणू पडवीतून खाली आली. तिचे डोळे लाल होते, आवाज नेहमीचा होता. "काका, तुम्ही कावळ्याला काय सांगितलंत ते तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "आबांनी आईला सांगितलं होतं, चालू झाला की विकीन. तो चालू झाला. उतरा."

गणूनं स्टेअरिंगवरचा हात काढून घेतला. वहिनीपुढे आयुष्यात कधी त्याचं चाललं नव्हतं. तो उतरला.

ट्रक गेला तेव्हा काशिराम नव्या ड्रायव्हरला दुसऱ्या गिअरची खोड समजावून सांगायला पळस्प्यापर्यंत सोबत गेला, आणि चालत परत आला. मंडळी पांगली होती. गणू आणि इस्माईल पडवीच्या पायरीवर बसले होते. अंगण एकदम केवढं तरी मोठं दिसत होतं, आणि मधोमध ट्रकच्या लांबीरुंदीचा एक काळा, चिकट चौकोन होता.

"वहिनीला कशाला पाहिजे होतं हे अंगण?" इस्माईलनं विचारलं.

गणू म्हणाला, मिरच्या वाळत घालायला, दुसरं काय. काशिराम म्हणाला, मिरच्या नव्हे, तिला मोगरा लावायचा होता, एकदा बोलली होती. गणू म्हणाला, तुला काय ठाऊक, ती माझी वहिनी. वेणूला दोन्ही ठाऊक नव्हतं. आईनं तिला कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा ती काहीतरी वाचत असेल.

"मोगराच लावू," ती म्हणाली. "मिरच्या कोण खाणार आता."

काशिराम उठला. त्यानं काळ्या चौकोनाच्या कडेला उकिडवं बसून बोटानं माती उकरली, हुंगली, आणि इस्माईललाही हुंगायला दिली. तेल पार खाली मुरलं होतं. ह्याच्यात मोगरा काय, गवत पण यायचं नाही, असं दोघांचं एकमत झालं. ही सगळी माती काढायला पाहिजे, खाडीकडची दुसरी आणून टाकायला पाहिजे, आणि तीही खारट नको.

"लय मोटा काम हाय," काशिराम म्हणाला.

"घाई काय हाय," गणू म्हणाला आणि विडीचं बंडल पुढे केलं. "पयला रविवार खनू, मंग बगू."

वेणू चहा टाकायला आत गेली.