गुरुवारचा शेवट

पार्ल्याच्या कल्पलता टॉकीजमध्ये मशीन एकच होतं. एक रीळ संपलं की दिवे लागायचे, वरच्या खोलीत मशीनवाला दशरथ दुसरं रीळ चढवायचा आणि तेवढ्यात खाली लोक शेंगा सोलून घ्यायचे, पोरांना बाहेर नेऊन आणायचे, पुढे काय होणार यावर वाद घालायचे. कुणाला त्याचं काही वाटत नसे. सिनेमा असाच असतो, अशी आमची समजूत होती.

टॉकीज म्हणजे पूर्वीची गवताची वखार. वर पत्रे, खाली बाकं. डावी बाजू बायकांची, उजवी पुरुषांची, आणि मध्ये तारेवर हिरवा पडदा. दिवे गेले की दशरथची बायको शेवंती तो पडदा बाजूला सारायची आणि दिवे लागायच्या आत पुन्हा ओढायची. रीळ कधी संपणार हे तिला बरोबर कळायचं. बायकांच्या दारावर तिचंच राज्य होतं. भाजीच्या पिशव्या तिच्यापाशी ठेवायच्या, रडणारं मूल तिच्याकडे द्यायचं, आणि कुणाच्या घरी पाहुणे आले तर निरोपही तीच अंधारात बरोबर त्या बाकापर्यंत पोचवायची.

मालक मार्तंडराव स्वतः सिनेमा कधीच पाहत नसत. हलवायाने आपली जिलबी खाऊ नये, असं ते म्हणायचे. ते बाहेर खुर्ची टाकून बसायचे. लोक आत गेले की दारं लावा, लोक बाहेर यायला लागले की दारं उघडा, एवढंच त्यांचं सिनेमाचं ज्ञान.

मी तेव्हा माझ्या बहिणीकडे, कुंदाताईकडे राहून कॉलेज करत होते. घरात ताई, तिचे यजमान विद्याधर म्हणजे माझे भाऊजी, आणि भाऊजींच्या आई, ज्यांना सगळे माई म्हणत. भाऊजी फोर्टात एका विमा कंपनीत होते. कंपनीत त्यांचं कुणी ऐकत नसावं, कारण घरी आल्यावर ते प्रत्येक गोष्टीवर शेवटचा शब्द आपला असावा म्हणून फार धडपडायचे.

गुरुवारी दुपारी कल्पलतात फक्त बायकांचा खेळ असे, आणि आमच्या गल्लीतल्या बायका त्यालाच जायच्या. ताई आणि माई एरवी एकमेकींशी कामापुरतं बोलायच्या, पण गुरुवारी जेवणं उरकली की दोघी एकाच छत्रीतून टॉकीजला निघायच्या. मीही कॉलेज बुडवून त्यांच्या मागे.

त्या साली एक सामाजिक चित्रपट लागला. सासू सुनेला घराबाहेर काढते, सून दुसऱ्या गावी शाळेत शिकवते, खोकत खोकत मुलाला वाढवते. मग एक दिवस सासू तिला शोधत येते, भर देवळात तिचे पाय धरते आणि म्हणते, "घरी चल, लक्ष्मी माझी." घंटा वाजते, दिवे लागतात. आम्ही सगळ्या डोळे पुसत, पण अगदी प्रसन्न मनाने घरी आलो. ताईने त्या दिवशी गोडाचा शिरा केला. माईंनी तो खाल्ला, पण जरा गप्प गप्प.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तोच चित्रपट, पुन्हा बाकं भरलेली. सासूने पाय धरले की अख्खं टॉकीज टाळ्या वाजवायचं. अंधेरीहून बायका यायला लागल्या.

मग एका रविवारी भाऊजी मित्रांबरोबर संध्याकाळच्या खेळाला गेले. परत आले ते तोंड पाडून. जेवताना म्हणाले, "काय हे चित्रपट काढतात. शेवटी बिचारी मेलीच."

"कोण मेली?" ताईने विचारलं.

"सून. नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून. क्षय."

"काहीतरीच काय? सासू पाय धरते तिथे संपतो."

"पाय धरते आणि त्यानंतर सून घरी येते, उंबरठ्यावर कोसळते आणि मरते. मी आत्ता पाहून येतोय, कुंदा."

"मी दोनदा पाहिलाय. तुम्ही झोपला असाल."

भाऊजींनी घास खाली ठेवला. झोपला असाल, हे त्यांना लागलं. "माई, तू सांग. काय होतं शेवटी?"

माईंनी आयुष्यात कधी सुनेची बाजू घेतली नव्हती. त्या दिवशी त्यांना इलाज नव्हता. "पायच धरते मेली," त्या म्हणाल्या. "तिथेच संपतो. मला पण नाही आवडलं, पण संपतो."

ते भांडण दुसऱ्या दिवशी मिटलं असतं. पण भाऊजींनी सकाळी गाडीत मित्रांना विचारलं, त्यांनी संध्याकाळी घरी जाऊन बायकांना विचारलं, आणि दोन-तीन दिवसांत आमच्या गल्लीत घरोघरी हाच विषय झाला. सगळे पुरुष म्हणत, मेली. सगळ्या बायका म्हणत, जिवंत आहे. शेजारचे मास्तर तर त्यांच्या बायकोला म्हणाले म्हणे, की तुम्हा बायकांना दुःख पचत नाही म्हणून तुम्ही ते विसरता. त्या बाईंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

शेवटी भाऊजींनी पैज लावली. रविवारी सकाळी सगळ्यांनी एकत्र जाऊन पाहायचं. सून मेली, तर ताईने गुरुवारचा सिनेमा कायमचा बंद करायचा. नाही मेली, तर भाऊजींनी त्या दिवशीचा सगळा स्वयंपाक करायचा. ते लगेच मार्तंडरावांकडे जाऊन आले. रविवारी सकाळी खास खेळ, पार्ल्यातली जोडपीच्या जोडपी येणार, म्हटल्यावर मार्तंडरावांनी हातगाडीवर बोर्ड बांधून पुढे ताशा लावला आणि गावभर फिरवला. "शेवट कोणाचा खरा? या आणि पाहा," असं त्यावर लिहिलं होतं.

ताईला स्वतःबद्दल जराही शंका नव्हती. तरी शनिवारी भाजी आणायला निघाली तेव्हा ती मला घेऊन कल्पलताच्या मागच्या दाराशी गेली. शेवंती तिथे चुलीवर मासे भाजत बसली होती.

"शेवंतीबाई, उद्या काय होणार ते तुम्हाला माहीतच असेल," ताई म्हणाली. "मला फक्त सांगा, ती मरत नाही ना?"

शेवंतीने मासा उलटला. मग ताईकडे न बघता म्हणाली, "वहिनी, खरा सांगू? मरता ती. खोकान खोकान मरता."

"मग आम्हाला कशी दिसली नाही?"

"शेवटच्या रिळाचो डबो आमी बायकांका दाखवतच नाय." तिने राखेत काडी फिरवली. "तुमी सगळ्यो भाताक उशीर होता म्हणान अर्ध्यावर उठान जातास. शेवट कोणच बघी नाय. म्हणान मिया ह्यांका म्हटलंय, त्यापेक्षा गोड जाग्यार संपवया. बायकांचो भात वेळेर आणि तुमचीव सुटका."

दशरथ दारात उभा राहून ऐकत होता. तो ओशाळा होऊन हसला. "मालकांना ठाऊक नाही, वहिनी. उद्या पूर्ण दाखवावा लागणार. सगळे बघणार."

मला वाटलं, ताई आता चिडणार. इतके दिवस आपल्याला अर्धवट सिनेमा दाखवला म्हणून निदान दोन शब्द तरी बोलेल. तिने पिशवी खाली ठेवली. मग तिने विचारलं, "पाय धरण्यावर ते रीळ संपतं ना? आणि मग दिवे लागतात?"

"लागतात की. एकच मशीन."

"आणि मार्तंडराव बाहेर खुर्चीवरच असतील?"

"ते कुठे जाणार."

"मग झालं," ताई म्हणाली, आणि शेवंतीच्या शेजारी पाटावर बसली.

दुपारभर ती आणि मी भाजीची पिशवी घेऊन घरोघरी फिरलो. भाजी मात्र आणायची राहूनच गेली.

रविवारी कल्पलता नुसती फुलली होती. उजवीकडे पुरुष आधीच जिंकल्यासारखे पाय पसरून बसले होते. डावीकडे आम्ही. माईंनाही ताईने सगळं सांगितलं होतं. त्या फक्त "हं" म्हणाल्या होत्या, आणि हे हं कुठल्या बाजूचं, ते कळायला मार्ग नव्हता.

चित्रपट सुरू झाला. सुनेला घराबाहेर काढलं, तिने शाळा चालवली, ती खोकली. सासू देवळात आली. पाय धरले. आमच्या बाजूने नेहमीसारख्या टाळ्या झाल्या. शेवंतीने पडदा ओढला, दिवे लागले, आणि डावी बाजू एका दमात उठली.

"चला, संपला," मास्तरांची बायको मोठ्याने म्हणाली. "किती छान शेवट."

"चपला बघा गं आपापल्या."

"भात टाकायचाय अजून."

बायका बोलत, पोरांना ओढत, पिशव्या सावरत दाराबाहेर पडायला लागल्या. बाहेर मार्तंडरावांनी त्यांना पाहिलं आणि सवयीने हुकूम दिला, "दारं उघडा रे सगळी." गड्याने पुरुषांच्या बाजूचीही दारं सताड उघडली आणि शेवटची घंटा बडवली. ऊन आत आलं. झाडूवाला झाडू घेऊन आला आणि पुढच्या बाकाखालची टरफलं लोटायला लागला.

पुरुष गोंधळले. "अहो, अजून एक रीळ आहे," भाऊजी उभे राहून म्हणाले.

मार्तंडराव दारात आले. "कसलं रीळ? घंटा झाली, लोक गेले."

"बायका गेल्या. आम्ही आहोत ना."

"अहो विद्याधरपंत, माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. लोक बाहेर पडले म्हणजे सिनेमा संपला."

भाऊजींनी वर झरोक्याकडे पाहून दशरथला हाक मारली. दशरथने डोकं बाहेर काढलं. "मालकांनी दारं उघडली साहेब. मी काय करू?"

तेवढ्यात बाहेरून बायकांनी नवऱ्यांना हाका मारायला सुरुवात केली. एकीला किल्ली सापडत नव्हती, एकीचं पोर चिखलात बसलं होतं. रविवारचा दिवस, घरोघरी सागुतीचा नाहीतर कोलंबीचा बेत. मास्तर आधी उठले. त्यांच्या बायकोने कित्येक दिवसांनी त्यांना नावानिशी नाही, पण "अहो" म्हणून हाक मारली होती. त्यांच्यामागे एकेक करून बाकी सगळे. कुणी म्हणालं, "जाऊ दे यार, मेली काय, जगली काय."

उरले एकटे भाऊजी. "मी तिकीट पूर्ण चित्रपटाचं काढलंय," एवढं बोलून ते हाताची घडी घालून बसले. मार्तंडरावांनी कंटाळून दारं लावायला सांगितली आणि दशरथने शेवटचं रीळ चढवलं.

डावी बाजू रिकामी आहे, असं भाऊजींना वाटत होतं. पण पडद्यामागे आम्ही होतो. ताईला तो शेवट पाहायचाच होता, म्हणून मीही थांबले, आणि माई तर बाकावरून उठल्याच नव्हत्या. "सासूचं पुढे काय होतं ते बघू दे मला," त्या पुटपुटल्या. शेवंतीने या वेळी पडदा पूर्ण न सारता बोटभरच सरकवून ठेवला.

सून उंबरठ्यावर कोसळली. नवऱ्याने तिला मांडीवर घेतलं. तिने खूप वेळ घेतला मरायला. तिच्यानंतर सासूने छाती बडवून जो आक्रोश केला तो आणखी लांबला. माई पुढे झुकून, पापणी न हलवता पाहत होत्या. मी सहज ताईकडे पाहिलं, तर तिचं लक्ष सिनेमाकडे नव्हतंच. ती पडद्याच्या फटीतून उजवीकडे पाहत होती. तिथे रिकाम्या बाकांच्या मधोमध भाऊजी धोतराचा सोगा डोळ्यांना लावून रडत होते. हुंदका दाबायचा प्रयत्न करत होते, तो पुन्हा पुन्हा निसटत होता.

ताईच्या मनात काय आलं कोण जाणे. तिने आमच्या दोघींचे हात धरले आणि दिवे लागायच्या आत आम्हाला बाहेर काढलं.

आम्ही फाटकाशी उभ्या असताना भाऊजी आले. तोंड धुऊन आले होते, केस ओले होते. ताईला पाहून थबकले.

"तुम्ही अजून इथेच?"

"माईंची चप्पल सापडत नव्हती," ताई म्हणाली. माईंच्या दोन्ही पायांत चपला होत्या. "काय झालं शेवटी?"

भाऊजींनी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते शेवटचा शब्द बोलणार आणि ताईचे गुरुवार बुडणार. ताईलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने माझा हात गच्च धरला.

"काही नाही," ते म्हणाले. "तुझंच बरोबर होतं. पाय धरते, तिथे संपतो."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की. त्या दिवशी मी झोपलो असेन."

मग ते माईंकडे वळले. "माई, तुला काय वाटतं?"

माईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. "माझ्यासमोर खांब होता," त्या म्हणाल्या, आणि चालायला लागल्या.

त्या दिवशी भाऊजींनी पिठलं-भात केला. पिठल्यात गुठळ्या होत्या आणि भात खालून करपला होता. ताईने दोनदा वाढून घेतलं. जेवताना माई अचानक म्हणाल्या, "काही म्हणा, सासूने काम चांगलं केलं हो शेवटी." ताई पाण्याचा तांब्या भरायला उठून गेली आणि बराच वेळ आतच राहिली.

दिवाळीनंतर कल्पलतात दुसरा चित्रपट आला. त्यात नायक पुरात वाहून जातो, अशी आधीच बातमी होती. पहिल्या शनिवारी भाऊजी कचेरीतून परस्पर टॉकीजच्या मागच्या दाराने वर दशरथच्या खोलीत जाऊन आले. बरोबर मास्तर आणि गल्लीतले आणखी दोघे. शेवंतीने ताईला सांगितलं, की चौघेही दशरथभोवती उभे राहून एकमेकांना पुढे ढकलत होते, तू बोल, तू बोल करत. शेवटी भाऊजीच घसा साफ करून म्हणाले, "दशरथ, ते बायकांसाठी तुम्ही गुरुवारी काहीतरी करता म्हणे. रविवारी पुरुषांचं पण जमेल का?"