न सुटलेला नांगर

मी एक जुना नांगर आहे. शेत नांगरतात तो नव्हे. पाण्यात होडीला एका जागी धरून ठेवतो, तो. ज्या वैशाखात मंजुळाचे लग्न झाले, त्याच वैशाखात मढ गावच्या लोहाराने मला घडवले. साल १९८८. मंजुळाला घरात हळद लागत होती, तेव्हा मी भट्टीत लाल होत होतो.

मित्रांनो, मुलीच्या लग्नात बाप भांडी देतो, कपाट देतो. मंजुळाच्या बापाने मला दिले. चार नख्या, वर कडे, आणि वजन असे की दोघांनी उचलावे. मला मांडवात आणले तेव्हा बायका पदरात तोंड लपवून हसल्या. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "भटाला इचारा गो, मंगळसूत्र कोणाला घालायचं? पोरीला का या लोखंडाला?"

मंजुळाचा बाप उठला. त्याने नवऱ्या मुलाच्या, म्हणजे चंदूच्या, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जावई, पोर दिली, नांगर दिला. दोन्ही सोडायची नाय."

सगळा मांडव हसला. चंदूही हसला. मग म्हणाला, "नाय सोडणार. शब्द दिला."

मंजुळा आणि मी एकाच होडीतून खाडी ओलांडून वेसाव्याला आलो. अंधेरीच्या टोकाला हा कोळीवाडा आहे. चंदूच्या होडीचे नाव शेवंती, त्याच्या आईच्या नावावरून ठेवलेले. तिच्या पुढच्या टोकाला माझा दोर बांधला गेला, आणि तेहेतीस वर्षे तो तिथेच राहिला.

माझे काम साधे होते. बुडायचे, गाळात नख्या रोवायच्या आणि गप्प बसायचे. पहिली काही वर्षे मला वर ओढले की नख्यांत शेवाळ आणि खेकडे यायचे. पुढे प्लास्टिकच्या पिशव्या येऊ लागल्या. एकदा तर शाळेचे दप्तर आले, आत पट्टीसकट. चंदू सगळे सोडवायचा, माझा गंज खरवडायचा, डांबर लावायचा. नारळी पौर्णिमेला मंजुळा मला हळदकुंकू वाहायची.

त्यांचा मुलगा निमेश मोठा झाला. कोळीवाड्यात नवे साखळीवाले नांगर आले. तो म्हणायचा, "बाबा, हा आता म्युझियममध्ये ठेव. नवीन घेऊ."

"तुझ्या आईलापण ठेवू काय म्युझियममध्ये?"

आतून मंजुळाचा आवाज यायचा, "आधी तुलाच ठेवते, थांब!"

मी सुखात होतो. मला वाटायचे, माझ्यासारखा मान दुसऱ्या कुठल्या लोखंडाला नसेल.

मग २०२१ चा मे महिना आला. कोरोनामुळे बाजार बंद होते, तोंडावर मास्क होते, मासळीला गिऱ्हाईक नव्हते. त्यात तौक्ते वादळाची सूचना आली. शनिवारी सगळ्या होड्या खाडीत येऊन नांगरल्या. सोमवारी सकाळी वारा एवढा वाढला की नांगरलेल्या होड्या एकमेकींवर आपटू लागल्या. "दुसरा दोर बांधून येतो," असे सांगून चंदू निमेशला घेऊन शेवंतीवर गेला. मंजुळाने चहा झाकून ठेवला.

मी तळाशी होतो. वर काय चालले होते, ते मला दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते. मला फक्त दोर कळत होता. तो असा ताणला गेला की माझे कडे कण्हू लागले. मी चारही नख्या गाळात खुपसल्या. खाडी मला उपटत होती आणि मी सुटत नव्हतो. खरे सांगतो मित्रांनो, मला अभिमान वाटत होता. मांडवातल्या त्या म्हातारीने आज मला बघावे, असे वाटत होते.

दुपारी केव्हातरी दोर एकदम सैल पडला. मला वाटले, वादळ गेले.

आठ दिवसांनी शेजारच्या राजेशने चार माणसे घेऊन मला वर काढले आणि मंजुळाच्या दाराशी आणून ठेवले. माझ्या दोराला शेवंतीची पुढची फळी तेवढी बांधलेली होती. होडी त्या फळीपुरती उरली होती.

निमेश वाचला होता. डिझेलच्या रिकाम्या कॅनला धरून तो तिवरांच्या झाडीतल्या चिखलात जाऊन पडला होता. चंदू वादळानंतरच्या गुरुवारी मढच्या वाळूत सापडला, मंजुळाच्या माहेरच्या किनाऱ्यावर. त्याच्या कमरेला कोयता खोचलेला होता. का, ते कोणी विचारले नाही.

कोळीवाड्यात घरांवर पत्रे नव्हते. वीज नव्हती, म्हणून बर्फ नव्हता. जाळ्यांचे गोळे झाले होते. पंचनाम्याला साहेब आले आणि त्यांनी कागदावर लिहिले : होडी पूर्ण नष्ट, नांगर शाबूत. वाड्यातल्या बायकांनी ठरवले की प्रत्येकीच्या पाटीतून मूठभर मासळी मंजुळाच्या पाटीत जाईल. त्यावर तिचा मासळी विकण्याचा धंदा पुन्हा उभा राहिला. ती पार्ल्याच्या बाजारात बसू लागली. गिऱ्हाइकाशी भांडू लागली. लोक म्हणाले, सावरली.

मी रोज तिला पहाटे बघत होतो. ती सावरलेली नव्हती. पाटी डोक्यावर घ्यायच्या आधी ती दाराशी माझ्याजवळ उकिडवी बसायची, माझ्यावर हळदकुंकू वाहायची आणि कोणी आले-गेले की त्याला सांगायची, "होडी फुटली, पण माझ्या बापाचा नांगर नाय सुटला." तेवढी एकच गोष्ट तिच्याजवळ धड उरली होती. हे ऐकले की निमेश उठून बाहेर जायचा.

निमेशने दर्या सोडला होता. तो विमानतळावर सामान चढवायच्या कामाला लागला होता. २०२४ च्या पावसाळ्यात राजेशने त्याला आपल्या होडीत भागी दिली. त्या सकाळी मंजुळा खूप दिवसांनी हसली. म्हणाली, "हा नांगर घेऊन जा. सोडत नाय हा."

"नको."

"का नको? बापाचा माझ्या आहे म्हणून जड झाला काय रे तुला?"

"आये, नको म्हटलं ना!"

"मग मीच सांगते राजेशला, दोन पोरं पाठव म्हणून."

तेव्हा निमेश माझ्याशेजारी पायरीवर बसला आणि तीन वर्षे गिळलेले बोलला. मीही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकले.

वादळाच्या दिवशी राजेशने आपल्या नांगराचा दोर कापला होता. त्याची होडी वाऱ्याबरोबर वाहत जाऊन तिवरांत रुतली, आणि आतली सगळी माणसे वाचली. तो ओरडून सांगत गेला, "चंदूदादा, काप रे, काप!" निमेशने कोयता उचलला. चंदूने तो त्याच्या हातातून हिसकावून स्वतःच्या कमरेला खोचला. म्हणाला, "तुझ्या आजाला शब्द दिलाय. आईला तुझ्या काय तोंड दाखवू?" वाहत आलेला एक मोठा ट्रॉलर तेवढ्यात त्यांच्यावर येत होता. सुटलेल्या होड्या त्याच्या वाटेतून सरकल्या. शेवंती सरकू शकली नाही. तिला मी धरून ठेवले होते.

मंजुळाच्या पाटीतल्या बोंबलांवर माश्या बसल्या, त्या तिने उडवल्या नाहीत.

"थट्टा केली होती रे बाबाने," ती म्हणाली. "मांडवात सगळी हसली होती. तुझा बापूस पण हसला होता."

मग ती आत गेली. फडक्यात गुंडाळून ठेवलेला कोयता तिने बाहेर आणला. तोच, चंदूच्या कमरेचा. पाट्यावर घासून त्याला धार लावली आणि निमेशच्या हातात दिला.

"राजेशच्या होडीत पुढं बांध. दोराच्या बाजूला. आणि मला तोंड दाखवायला ये. होडी नाय आली तरी चालेल."

त्या दिवसापासून मला हळदकुंकू नाही. मी दाराशी पडून आहे. माझ्या एका नखीला कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मला कोणी कमी जपले नाही. म्हणून मी दुसरे मागतो. मी लोखंड आहे, मला लोखंडच राहू द्या. तुमच्या घरात माझ्यासारखे कोणाचे देणे असेल, कोणाला दिलेला शब्द असेल, तर त्याच्या शेजारी एक कोयता ठेवा. आणि ज्याला शब्द दिला, त्याला जिवंतपणीच एकदा विचारून घ्या, खरे बोललास की थट्टेने? मंजुळाचा बाप २००३ साली वारला. तोवर पंधरा वर्षे तो दर सणाला जावयाच्या घरी जेवायला येत होता. चंदूने त्याला कधी विचारले नाही.

चंदू सोमवारी, १७ मे २०२१ रोजी दुपारी वेसाव्याच्या खाडीत बुडून वारला. त्याचे वय एकोणसाठ होते. कोयता त्याच्या कमरेला होता.