माझ्या पाठची दोघं

मला काही होत नाही हा माझा गुन्हा आहे का? पण आमच्या मुकादमाने माझ्या तब्येतीचं पार प्रदर्शन मांडलं होतं. बुटांना सोल चिकटवायच्या त्या खोलीत कुणी चक्कर येते म्हणालं, की मेला माझ्याकडे बोट दाखवायचा. "ताईकडे बघा! जन्म गेला तिचा सोल्यूशनच्या वासात, साधी शिंक नाही. तुमचेच नखरे." सोल्यूशन म्हणजे चिकटवायचा गोंद. डबा उघडला की नाकात झिणझिण्या येतात. पंखा लावला तर ते ब्रशवरच सुकतं, खिडकी उघडली तर धूळ बसते, म्हणून दोन्ही बंद.

माझ्या शेजारी माझा भाऊ बसायचा. त्याला आम्ही पैलवान म्हणतो, कारण लहानपणी गल्लीतल्या कुणालाही लोळवायचा. तोच पैलवान जिना चढताना मध्येच बसायला लागला. हिरड्यांतून रक्त यायचं. शेवटी एकदा ब्रश हातात असतानाच कोसळला. मुकादम म्हणाला, "खातपीत नसेल नीट, दुसरं काय!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आधी त्याला उचलायचं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याच्या हाडांतला मगज रक्त बनवायचं विसरलाय. बाहेरचं रक्त चढवून फार काळ ढकलता येणार नाही, औषधंही लागू पडत नाहीत. सख्ख्या भावंडाचा मगज जुळला तर वाचेल.

"माझाच घ्या," मी बाही वर करून मोकळी. "दगड पचवेन अशी बाई आहे मी."

चिमीनेही रक्त तपासायला दिलं. चिमी आमचं शेंडेफळ. पैलवान पडला तसं घर चालावं म्हणून तिने शिवणकाम सोडून त्याची जागा धरली होती. मी नको म्हटलं, तर म्हणते कशी, "तुला कुठे काय होतं गं, ताई?" मुकादमाचीच री ओढली हिने, कपाळ माझं!

माझा मगज जुळला नाही. चिमीचा तंतोतंत जुळला. मी आनंदाने तिच्या पाठीत धपाटाच घातला. "अगं बाई, कामाला आलीस की गं!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "हिचंही रक्त उतरायला लागलंय," त्या म्हणाल्या. "त्याच्यासारखंच."

"असं कसं? ही आत्ता तर लागली. आणि मी इतकी वर्षं तिथे बसतेय ती?"

मग त्यांनी समजावलं. त्या सोल्यूशनमध्ये बेंझिन असतं. ते श्वासातून सगळ्यांच्याच अंगात जातं आणि आत त्याचं विष होतं. ते निकामी करायला शरीराकडे एन्झाइम असतात, सफाईवालेच म्हणा. ते बनवायची सूचना एक आईकडून येते, एक वडिलांकडून. पैलवानाला आणि चिमीला एका महत्त्वाच्या सफाईवाल्याची सूचना दोन्हीकडून बिघडलेली आली. मला एक तरी धड आली.

"म्हणजे मला धोका नाही?"

"कमी आहे, इतकंच. विष ते विषच."

आईबापावर चिडावं, तर ते बिचारे त्या डब्याचं तोंडही न बघता म्हातारे होऊन गेले. त्यांना काय ठाऊक, पोरांना काय वाटून ठेवलंय ते!

"पण जुळलाय ना? मग घ्या की थोडा!"

"हिचाच वाळत चाललाय, बाई. त्याला उपयोग नाही आणि हीही जाईल." बाहेरचा दाता शोधून झाला होता, मिळाला नव्हता.

पैलवान उशीला टेकून वाटच बघत होता. "कुणाचा जुळला?"

"चिमीचा," मी म्हटलं.

असा हसला म्हणून सांगू! कित्येक दिवसांत त्याचे दात दिसले नव्हते. "मग कधी करायचं?"

चिमी मान खाली घालून उभी. सांगावं लागलं मलाच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या जागेवर बसली म्हणून?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं, ऐन वेळी सुचलंच नाही.

तो सलाईनची नळी सावरत खाटेवरून खाली उतरला. मी ओरडले, "अरे मेल्या, पडशील!" ऐकेल तर शपथ. त्याने चिमीचा दंड धरून तिला खाटेवर बसवलं आणि मला म्हणाला, "नर्सला हाक मार. हिला भरती करून घ्या म्हणावं. माझं आता बघत बसू नका."

चिमी हुंदके द्यायला लागली. मी पैलवानाला कमरेला धरलं तर हाताला वजनच लागेना.

पाळी बदलली होती, नर्स नवी होती. तिने खाटेवरच्या चिमीकडे पाहिलं, नळी लावून उभ्या असलेल्या पैलवानाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "यांतलं पेशंट कोण?"

"मी सोडून दोघंही," मी म्हटलं.