गळा गेला म्हणे पुष्पाबाईचा

बोलणं हाच माझा धंदा होता, पण स्वतःविषयी बोलायची ही पहिलीच वेळ. मी लाउडस्पीकरचा कोन आहे, कागदाचा. खोक्याच्या जाळीआड जो काळा गोल पडदा थरथरताना दिसतो ना, तो मी. लोक खोक्याचं कौतुक करतात, मशीन चालवणाऱ्याचं करतात. माझी आठवण मी फाटल्यावर होते.

दिल्लीकडच्या एका कारखान्यात लगदा साच्यात ओतला, दाबला, वाळवला आणि मी झालो. तिथून गठ्ठ्यात बांधून मला आष्टीला लालमियाँच्या दुकानात पाठवलं. परतूर तालुक्यातले निम्मे स्पीकर लालमियाँच्या हातून दुरुस्त होतात. त्यानं मला तांब्याच्या कॉइलला, म्हणजे ज्या तारेच्या वेटोळ्याशिवाय मला आवाज फुटत नाही तिला, चिकटवलं, दोन बोटांनी हळूच दाबलं, कान लावून ऐकलं आणि "चलेगा" म्हणाला. आयुष्यात मिळालेली शाबासकी म्हणाल तर तेवढीच.

पुढं नऊ वर्षं मी गावातल्या कल्याण नावाच्या गड्याच्या खोक्यात काढली. कल्याणचा मांडव आणि साउंडचा धंदा. हळदी, वाढदिवस, प्रचारसभा, सगळ्यांची तोंडं मी झालो. हातात माइक आला की माणूस किती थापा मारतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. त्या सगळ्यांत मला मनापासून आवडायची ती एकटी पुष्पाबाई, कल्याणची चुलती.

ती लग्नात मंगलाष्टकं म्हणायची. आष्टीत आणि आजूबाजूच्या गावांत तिच्याशिवाय अक्षता पडत नसत. शेवटच्या ‘सावधान’ला ती आवाज वर चढवायची आणि क्षणभर तिथंच ठेवायची. मांडवातली जेवणाकडं डोळे लावून बसलेली माणसंसुद्धा तेव्हा गप्प उभी राहायची. मलाही तिचा सूर पेलायला सुख वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तिला स्वतःचं मूल नव्हतं. कल्याणची धाकटी बहीण दैवशाला, आई गेल्यावर, तिच्याच हाताखाली वाढली. "बाकी कुणी काय बी करा, पोरीची मंगलाष्टकं मीच म्हणणार," असं ती दैवशाला शाळेत होती तेव्हापासून सांगायची. आयुष्यात तिनं दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

मी काही सर्वगुणसंपन्न नव्हतो. पावसाळ्यात दमट हवेनं मी मऊ पडायचो आणि माझा आवाज सर्दी झाल्यासारखा यायचा. त्याचं निमित्त करून कल्याणनं यंदा संभाजीनगरहून नवे खोके आणले. त्यांचे कोन ॲल्युमिनियमचे. इतके चकचकीत की पोरं त्यांच्यात बघून भांग पाडत होती. वाजायच्या आधीच सगळ्यांनी ठरवून टाकलं, आवाज एक नंबर आहे!

कागद आणि पत्रा यांतला फरक कळायला शिक्षण लागत नाही. स्वयंपाकघरात ताट पडलं की ते कितीतरी वेळ वाजत राहतं. पुठ्ठा पडला की धप्प होऊन गप्प बसतो. ते चकचकीत कोन वरच्या सुराला ताटासारखे वाजायचे, गाणाऱ्याच्या सुरात स्वतःची किणकिण मिसळायचे. चांगला पत्रा असं करत नसेलही. कल्याणनं आणलेला करत होता.

गावातल्या तातेरावांच्या मुलीच्या लग्नात नवे खोके पहिल्यांदा लागले. मीही होतो तिथं. नव्या खोक्याला उंची यावी म्हणून माझा खोका त्याच्या खाली पाट म्हणून ठेवला होता.

पुष्पाबाई नेहमीसारखीच गायली. ‘सावधान’ला सूर वर गेला आणि पत्र्यानं घात केला. मांडवभर अशी किंकाळी उठली की बायकांनी कानांवर पदर दाबले. पोरं खिदळायला लागली. "आवरा बाई, नवरदेव पळून जाईल!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा मांडव हसला. ती खाकरली, पुन्हा गायली. पुन्हा तेच.

लालमियाँ जेवायला आला होता. तो तडक कल्याणजवळ गेला. "कल्याणभाऊ, बाईचा गला बिलकुल ठीक है. तुमचा पत्रा बोंबलून राह्यला. खालचा कागदवाला जोडून बघा, दोन मिन्टाचं काम."

कल्याणनं इकडंतिकडं पाहिलं. "असा आवाज जिल्ह्यात न्हाई म्हणून गावभर सांगून बसलोय मी. आता मीच डबडं आणलं म्हणू का? आन् तुम्ही तोंड उघडलं ना, तर उद्यापासून माझं सगळं दुरुस्तीचं काम परतूरला जाईल."

लालमियाँ माघारी फिरून माणसांत जाऊन बसला. मग कल्याणनं माइक हातात घेतला आणि हसत हसत सांगितलं, "माफ करा मंडळी, काकूचा गळा गेला आता. वय झालं." सख्ख्या चुलतीला त्यानं अख्ख्या मांडवासमोर असं उभं जाळलं.

एका आठवड्यात ते सगळ्या गावाचं मत झालं. पुष्पाबाई मिठाच्या गुळण्या करू लागली, ज्येष्ठमध चघळू लागली, लोणचं सोडलं. नसलेल्या रोगावर औषध ते काय लागू पडणार?

दैवशालाचं लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा पुष्पाबाई लालमियाँच्या दुकानात आली. मी तिथं टेबलावर होतो. माझ्या जागी पत्रा बसवा, असा कल्याणचा निरोप होता. लालमियाँ मला शेवटचं वाजवून बघत होता आणि टेबलावरचा माइक चालू होता.

"लालमियाँ, तुमचा कान पक्का हाय," ती टेबलाशी वाकून म्हणाली. "खरं सांगा. माझा गळा गेला का?"

तिचा प्रश्न माझ्यातून बाहेर आला. स्वच्छ, भरलेला, जसा नऊ वर्षं येत होता तसा. ती चमकली. "हे... हे मीच बोलले का?" ती माइकजवळ सरकली. तिनं श्वास घेतला. ती गाणार होती!

लालमियाँनं बटण बंद केलं.

"उमर होती है, बाई," तो खाली मान घालून म्हणाला. "सबकी होती है."

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली आणि गेली. लालमियाँनं ब्लेड घेतलं आणि माझ्या कडेनं गोल फिरवलं. मग मला कॉइलपासून तोडलं.

आता मी दुकानाच्या पायरीवर पडलोय, स्क्रू ठेवायची वाटी म्हणून. आज समोरच्या मैदानात दैवशालाचं लग्न लागलं. मंगलाष्टकं मोबाइलवरून लावली, शहरातल्या कुठल्याशा गायिकेची. ‘सावधान’ला पत्रा तसाच किंचाळला. यावेळी कुणी कान झाकले नाहीत. "काय क्लिअर आवाज हाय!" केदारखेड्याहून आलेले पाहुणे म्हणत होते.

अक्षता पडल्यावर पुष्पाबाई मांडवाबाहेर येऊन पायरीशी सावलीत उभी राहिली. माझ्यापासून वीतभर अंतरावर.

"ऐकलं का लालमियाँ? आवाज असावा तर असा. बरं झालं मी हट्ट न्हाई केला. पोरीच्या लग्नात हसं झालं असतं."

पायरीवर बसलेला लालमियाँ माझ्यातला एक स्क्रू शोधत राहिला.

मला कुणाची दया नको, मी कागद आहे, उद्या चुलीत जाईन. पण तुमच्यापैकी कुणी आष्टीला गेलंच, तर बाजारात पुष्पाबाईचं घर विचारा आणि तिला सांगा की तिचा गळा गेलेला नाही. कल्याण सांगणार नाही, लालमियाँ सांगणार नाही, आणि मला आता कॉइल नाही.